प्रश्न क्रमांक चौदा

मापुत्सोच्या कापड-कारखान्याच्या फाटकाबाहेर
एका जुन्या कंटेनरात आमचा दवाखाना.
जुलै महिना, डोंगरावर बर्फ,
पेनातली शाई गोठते
म्हणून ते काखेत धरून बसते मी.

प्रश्न चौदा : तुम्हाला स्वतःला किती धोका वाटतो?
अजिबात नाही. थोडा. बराच.
एकावरच खूण करा.

लिनेओ म्हणते, कसला?
पुलाखालच्या अंधाराचा म्हणशील तर बराच.
ओव्हरटाइम सुटतो नऊला,
आम्ही सात जणी हात धरून चालतो,
कात्री पिशवीत अगदी वर.

आणि नवऱ्याचा?
ती हसते. तो रुस्टेनबर्गला, जमिनीखाली.
डिसेंबरात येतो नवं घोंगडं घेऊन,
अंगानं भरलेला, गाल तुकतुकीत.
आजारी माणूस असा दिसतो का?

मी शिकवलेलं वाक्य म्हणते :
दिसण्यावरून कळत नाही.
ती मान हलवते,
रेडिओवरच्या हवामानाला हलवावी तशी.

पाकिटं नेतेस ना?
नेते. पीठ चाळताना हाताशी येतात, पुन्हा खाली ढकलते.
ते त्याच्यापुढे ठेवलं
की विचारल्यासारखं होतं, अकरा महिने कुठे होतास.
आणि त्यानं उलट विचारलं तर?

जोखीम म्हणजे जोखणं आलंच.
तिचा तराजू आमच्या फॉर्मवर नाही :
इकडे कधीतरी येईल, न येईल असा ताप,
तिकडे शुक्रवारचं खोलीभाडं, पोराचे बूट,
आणि सासूचं तोंड.
कुठलं पारडं टेकतं हे कळायला
सर्वेक्षण लागत नाही.

'थोडा'वर खूण करते मी.
दारात ती थांबते.
सुपरवायझर कंत्राट वाढवून देतो दर तीन महिन्यांनी.
ते कशात धरायचं,
धोक्यात, की पगारात?
समासात लिहून ठेवते. समास
कोणी टाइप करत नाही.

संध्याकाळी गठ्ठा जुळवताना
एक कोरा फॉर्म उरतो.
वय एकतीस. शिक्षण, परिचारिका पदविका.
जोडीदार : काबेलो, चर्चच्या गायनात खालचा स्वर,
हल्ली फोन पालथा ठेवतो टेबलावर.
त्याचं काही नसेल.
माझ्याच पर्समध्ये बारा पाकिटं आहेत,
वाटायची.

चौदापाशी पेन अडतं.
थंडी फार आहे, मी म्हणते,
कोणी काही विचारलेलं नसताना.