चमच्याचा सूर

ऑक्टोबरात पाइप गरम व्हायला लागले
त्याच आठवड्यात मी पियानोचे पहिले सोळा बार खोडले.
फार शहाणे होते ते.
डाव्या हाताने विचारायचं, उजव्याने लगेच सांगायचं,
आणि मध्ये व्हायोलिन उभं,
दोन्ही घरांनी आपला नव्हे म्हटलेल्या वऱ्हाड्यासारखं.

उग्निउस फोनवर म्हणाला, करंगळी दुखते,
वरच्या टोकाला फार वेळ ठेवू नकोस.
बिरुते म्हणाली, माझा पंजा लहान,
आठ पट्ट्यांपलीकडे ताणायला लावू नकोस.
दोन्ही दुखणी वहीच्या पहिल्या पानावर टिपली.
पुढच्या पानांवर पाच-पाच रेघा,
काहीच वाळत न घातलेल्या दोऱ्या.

डिसेंबरात क्लाइपेडाला चार वाजताच अंधार.
बंदरातल्या क्रेन दिवे लावून घेतात.
मी रात्री नऊनंतर वाजवलं
की खालचे झेनोनास पाइपावर चमचा हाणतात:
तीन ठोके. थांबून, एक.
आयुष्यभर जहाजाचं बॉयलर सांभाळलेला माणूस,
पाइपाशी कसं बोलायचं ते त्यांना शिकवायला नको.
ठोका आधी तळपायाला कळतो,
मग कानाला.

एका रात्री संतापून तो सूर शोधायला बसले.
पांढरी पट्टी दाबली. खाली पडली.
शेजारची काळी. वर गेली.
त्या दोघींमध्ये पियानोत नुसती फट असते,
धूळ, कधीतरी सांडलेली साखर.
झेनोनास तिथे राहत होते.

व्हायोलिनला तिथे जाता येतं.
बोट केसभर सरकवलं की झालं.

मग हात थांबेना.
पियानो दोन्ही बाजूंनी भिंत चाचपडतो,
व्हायोलिन आत बसलेलं, कडी काढत नाही.
सत्तेचाळिसाव्या बारात तीन ठोके,
विराम,
एक.
विरामाची लांबी काही ठरेना,
म्हणून रोज सव्वानऊला वाजवायला लागले, मोजायला.
खोटं कशाला बोलू, डिवचायलाही.
कधी दोन मात्रा, कधी तीन,
एकदा इतका लांबला
की मी दारापर्यंत जाऊन आले.

जानेवारीत ठोके बंद झाले.
मुलीने काउनासला नेलं म्हणे.
वरच्या मजल्यावर विचारलं तर इस्पितळ.
तळमजल्यावर नुसतीच मान हलवली.

विरामावर मी लिहिलं, 'हवा तेवढा'.
उग्निउस वैतागला.
हवा तेवढा म्हणजे किती? आणि हवा कुणाला?
बरोबर होतं त्याचं.
खोडून आकडा घातला: साडेतीन.
आकडा खोटा आहे,
पण वाजवता येतो.

मार्चमध्ये, मासळीच्या जुन्या गोदामात,
साठ खुर्च्या, एकेचाळीस माणसं.
उग्निउसने तो सूर लावला तेव्हा
पहिल्या रांगेतल्या बाईंनी तोंड वाकडं केलं,
जेवताना दाताखाली खडा आल्यागत.
तिथेच मला कळलं, लागला.
बिरुतेचे ओठ हलत होते, मात्रा मोजत.
टाळ्या बऱ्या पडल्या.
एका गृहस्थांनी विचारलं, याला नाव का नाही?
मी म्हटलं, आहे, पण ते घरी नसतात.
त्यांना विनोद वाटला.

घरी आले तेव्हा साडेदहा वाजले होते.
कोट अंगात, बुटांना बर्फाचा चिखल,
स्वयंपाकघरातून चमचा आणला
आणि पाइपावर तीनदा मारला.

वरून कुणीतरी उलट ठोकलं. एकदाच.
सूर तोच, पाइप एकच ना.
पण झोपमोड झालेल्या माणसाचा ठोका तो,
आणि जरा
लवकर आला.