पारीवरून ऑफिसापर्यंत

दार मी घडवलं नाही.
लॉगिनचं दार तयार मिळतं,
चौकट, बिजागऱ्या, कडीसकट.
एक ओळ लिहायची की उतरून येतं,
कुठल्याशा गावच्या सुताराने तासलेलं
आणि जगाच्या ओसरीवर ठेवून दिलेलं: न्या.

कॅलेंडरही तसंच. शोधायची चौकट तशीच.
पावती छापणारं, फोटो लहान करणारं,
विसरलेला पासवर्ड परत मिळवून देणारं,
सगळं कुणी ना कुणी आधीच करून बसलेलं.
माझं म्हणाल तर मी
"सभासद" हा शब्द लिहिला
आणि माशांची नावं. रोहू, कतला, मरळ, शिंगूर.
शिंगूर कुणाच्याच संचात नव्हता.

चिंचटोल्याच्या मच्छीमार संस्थेचं हे काम.
एकशे सात सभासद, एक तलाव,
एक कॉम्प्युटर, त्यावर सचिवांच्या बायकोने विणलेलं झाकण.
बोटुकली किती सोडली,
कुणाच्या नावावर किती किलो पडले,
हे आता ज्याचं त्याला पाहता येईल,
असं मी सभेत म्हणाले
तेव्हा सचिव तेवढे खोकले.

पहिल्या दिवशी सुकरू वलथरे आले.
नंबर टाकला. ओटीपी पाठवला आहे, पडदा म्हणाला.
ऑफिसात केबल पोचली आहे, टॉवर नाही.
टॉवर मिळतो तलावाच्या पारीवर, मोहाखाली.
सुकरूकाका निघाले.
सांडवा वाहत होता, म्हणून वळसा घालून.
आकडे तळहातावर लिहून आणले,
घामाने चार पुसट झालेला.
मुदत संपली आहे.
पुन्हा गेले.
मुदत संपली आहे.
तिसऱ्यांदा दारातच थांबले.
"ये इंद्रकलेच्या पोरी, तुह्या मशीनले सांग,
मानूस पाई येऊन रायला मनून."

त्या रात्री मी दाराच्या आत शिरले,
जिथे सहसा कुणी जात नाही.
हजारभर ओळी, एकीचाही धागा सुटलेला नाही,
आणि मधोमध खिळ्यासारखा ठोकलेला आकडा: सहाशे.
सहाशे सेकंद.
ज्याने ठोकला
त्याचा टॉवर त्याच्या खिडकीत असणार.

बाहेर आई जाळं विणत होती.
हातात कामटी, दोन बोटं रुंद;
तिच्यावरून फास घेतला की प्रत्येक डोळा सारखा.
कामटी आमची नाही, बिसनमामाची.
बिसनमामाने कुणाची आणली ते विचारायचं नसतं.
झिंग्याचं जाळं असलं की आई ती बाजूला ठेवते,
बारकी घेते.
गाठ तीच.

मी सहाशे खोडला नाही.
तिथे एक खाच पाडली,
ज्याला जो आकडा हवा तो बसवावा,
आणि पाठवून दिली सुताराला.

चार दिवसांनी उत्तर:
दार इतका वेळ उघडं ठेवणं बरं नव्हे.
तुमच्याकडे मेसेज यायला वीस मिनिटं लागतात का?

मेसेज लगेच येतो, मी लिहिलं.
माणसाला लागतात.
मग पार, मोह, वळसा, सगळं इंग्रजीत सांगताना
सांडव्यापाशी बराच वेळ अडखळले.

नऊ दिवस काहीच नाही.
मग नवी आवृत्ती उतरली,
खाली बारीक अक्षरात बदलांची यादी,
अकरावी ओळ:
मुदत आता ठरवता येते. कारण, चालण्याचं अंतर.

आता जगात कुठेही, कुणीही
ते दार उचलून नेलं
तर त्यात आमच्या तलावाचा वळसा जातो.
हे सुकरूकाकांना सांगायला गेले,
पण ते पडद्याला नाक लावून बसले होते,
बोट एका आकड्यावर.
"तेवीस किलो? मले त एकोनीस भेटले."

सचिव फोन घेऊन
पारीकडे निघाले होते.