पारवा

तुझं सामान आलं तेव्हा मी दार धरून उभी होते.
पिकअपमधून आधी उतरलं कपाट,
मग सोफा, मग दोरीने बांधलेले पडदे,
सगळं राखाडी.
"एकवीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात," तू म्हणालास,
"दुसरा रंग डोळ्यांत ठरतच नाही."

माझ्याकडे सगळं बदामी.
भिंती, गालिचा, टेबलावरचं कापड, पायपुसणंसुद्धा.
वर्गातल्या मुली म्हणायच्या,
मिस, तुमचं घर चहात बुडवून काढलंय का?
एकटीने राहायला मी हाच रंग धरला होता,
तो काही विचारत नाही म्हणून.

रास अल खैमात, तिसऱ्या मजल्यावर,
पन्नाशीतल्या दोन माणसांच्या दोन संसारांना
दोन खोल्या.
तुझा सोफा माझ्या भिंतीपुढे
ताप उतरलेल्या माणसासारखा निळसर,
आणि माझा गालिचा, काल धुतलेला,
तुझ्या कपाटाशेजारी मळका.
आपण काहीच बोललो नाही.
फक्त चहा पिताना दोघेही खिडकीकडे तोंड करून बसायचो.

नखीलच्या दुकानात पौलोसने पंख्यासारखी पट्टी उघडली.
हा गरम, म्हणाला, आणि हा थंड.
मला आईचं स्वयंपाकघर आठवलं:
पपई उष्ण, काकडी थंड,
आणि दोन्ही एका ताटात वाढायचं नाही.
तू हळूच म्हणालास, "कोशिंबिरीला काय हरकत आहे?"
पौलोसला मराठी येत नाही,
पण तोही हसला.

नूरुल आला शुक्रवारी, नमाजानंतर.
राखाडीच्या बादलीत त्याने काडीने गेरू घातला,
मग पिवळ्या मातीचं एवढंसं बोट,
ढवळलं, दारामागे एक चौकोन मारला,
पाच पावलं मागे जाऊन मान तिरकी केली.
काळा नको, म्हणाला, काळ्याने रंग मरतो.
पुन्हा एक काडी.
पुन्हा एक चौकोन.
सहाव्या चौकोनापाशी तो थांबला
आणि मला बार्शीतलं बाबांचं दुकान दिसलं,
फळीवरचे तागे, आणि त्यांचा आवाज:
गव्हाळ काढ, मोतिया काढ,
तो नव्हे रे, त्याच्याखालचा, पारवा.
कबुतराच्या मानेशी ऊन पडतं ना, तो.
इतकी वर्षं हा शब्द
कुठे घडी घालून ठेवला होता मी?

भिंत वाळेपर्यंत पडदे उसवायला घेतले.
माझी खिडकी आखूड, तुझे पडदे लांब.
राखाडी कापडाची दुमड उलटली
आणि आत टाके.
बारीक, हाताने घातलेले, बदामी दोऱ्याचे.
त्या दिवशी राखाडी दोरा संपला असेल,
किंवा अलकाताई म्हणाल्या असतील,
आतल्या बाजूला कोण बघतंय.

मी कात्री खाली ठेवली.
तू दारात उभा होतास, हातात दोन कप.
तुला ते टाके माहीत होते का, मी विचारलं नाही.
पडदे लांबच राहिले.
आता ते जमिनीवर थोडे लोळतात,
गालिच्याच्या कडेला,
आणि झाडताना दरवेळी मी ते उचलून धरते.

संध्याकाळी खिडकीतून
डोंगर दिसतात, खाणींनी कापलेले, करडे,
त्यांच्या पायाशी वाळू,
आणि वाऱ्याच्या दिवसांत
कुठे एक संपतो नि दुसरी सुरू होते, कळत नाही.
इथे मी अकरा वर्षं राहतेय.
बघितलं असेल मी हे. पाहिलं नव्हतं.

नूरुल पैसे घेऊन गेला. अर्धा डबा उरला.
झाकणावर मी मार्करने लिहिलं: पारवा.
तू चष्मा लावलास, झाकण वाचलंस, भिंत वाचलीस.
"मला अजून राखाडीच दिसतोय."
मला बदामी दिसत होता.
डबा आपण गॅलरीत ठेवला,
वॉशिंग मशीनच्या मागे,
पुढेमागे डाग पडले तर लागेल म्हणून.