बाग्रातीचं वळण

कुताइसीत टेकडीवरचं चर्च दिसलं
की व्हॅनमधले हात उठतात, तीनदा:
कपाळ, पोट, उजवा खांदा, मग डावा.
मी आरशात मोजतो. सव्वीस वर्षांची खोड.

लेवान फक्त परीक्षेच्या दिवशी.
दारेजानच्या हातात गरम पाव असेल तर नुसती मान.
कानात वायर घातलेला तो मुलगा
वडील गेल्यापासून खाली नदीच बघतो;
पोलंडहून सुट्टीला आलेली त्याची बहीण
त्याच्याही वाटणीचे उरकून टाकते, सहा.

माझी तेकले पुढच्या सीटवर. सतरा वर्षं. हात मांडीवर.
एकदा विचारलं, जरा रागानंच,
"देव मानत नाहीस का गं?"
म्हणाली, "माहीत नाही, बाबा.
पण तू नेमका वळणावर हात सोडतोस,
डोळेही मिटतोस.
कुणीतरी रस्त्याकडे बघायला नको?"

मागचे हसले. मीही.

मग फेब्रुवारीत एका सकाळी
धुकं इतकं, की चर्चच नव्हतं.
सवयीनं हात उठला माझा,
आणि सहज बाजूला पाहिलं, तर
तिचा उजवा पाय फळीवर घट्ट रोवलेला,
जिथे ब्रेक असता,
तिच्या बाजूला ब्रेक असता तर.