मार्शफ्लीट वॉर्ड, एक जागा

नोंदवही पातळ आहे. सगळा वॉर्ड
दोन बोटांच्या चिमटीत मावतो.

त्र्याहत्तर : सिरिल मॉल्टबी, बिनविरोध.
शहात्तर : मॉल्टबी, बिनविरोध.
एकोणऐंशीला कुणी बटाटेवाला उभा राहिला, अपक्ष.
एकेचाळीस मतं,
त्यातली निम्मी बायकोच्या माहेरची.

इथली जमीन समुद्राच्याही खाली.
लोक मत देतात ते पंप बघून :
चर कोण उपसणार, बांध कोण बघणार,
आणि शेवटची बस साडेपाचलाच का निघते.

मतदान चॅपलच्या मागच्या खोलीत.
पेन्सिल सुतळीने बांधलेली, कुणी नेऊ नये म्हणून.
इतक्या वर्षांत पेन्सिल कुणी नेली नाही.
सुतळी गेली एकदा,
टोमॅटोच्या वेलाला आधार द्यायला.

एक्क्याण्णवला हॅरिएट डॉबर उभी राहिली.
शाळा बंद करायचं घाटत होतं
आणि तिच्या वर्गात अजून अकरा मुलं होती.
रबरी बुटांत दारोदार फिरली,
कुत्र्यांचीसुद्धा नावं पाठ केली.

त्या रात्री मी मोजणीला होते. एकोणीस वर्षांची,
बोटाला रबरी टोपण, तासाला तीन पौंड वीस.
मॉल्टबी दोनशे सदुसष्ट.
डॉबर दोनशे सदुसष्ट.
पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.
बाद : एक.

त्या कागदावर दोन्ही चौकोन कोरे
आणि खाली, रेघ धरून, पेन्सिलीने :
“दोघंही बरे आहेत. पण माझ्या दारातला चर
सात वर्षं तुंबलाय.”
अधिकारी हसला, कागद बाजूला ठेवला.
मी ते अक्षर ओळखलं.
माझ्या शाळेच्या डब्यावर
त्याच अक्षरात माझं नाव असायचं.

मग बिस्किटांच्या डब्यात दोन चिठ्ठ्या.
अधिकाऱ्याने डोळे मिटून हात घातला.
डॉबर.
मॉल्टबीने टोपी काढून तिचा हात हातात घेतला,
आणि तिची गाडी काही सुरू होईना तेव्हा
अठरा वर्षं जागा सांभाळलेला तो माणूस
रात्री दोन वाजता मागून ढकलत राहिला.

घरी वडील जागेच. किटली चढवलेली.
“कोण आलं?”
“चिठ्ठी आली.”
बराच वेळ त्यांनी चहा ढवळला, साखर न घालताच.
“म्हणजे एक मत…” म्हणाले, आणि थांबले.
मीही विचारलं नाही.
गुप्त मतदान म्हणतात ते हेच असावं,
एका टेबलाशी दोघं बसून.

शाळा आणखी चार वर्षं चालली.
मग बंद झाली. ठरावावर डॉबरचीच सही.
चर उपसला दोन हजार तीनला.
तोवर वडील चॅपलमागच्या उंचवट्यावर गेले होते,
जिथे पाणी चढत नाही.

आता सीमा आयोगाचं पत्र आलंय.
नव्या वॉर्डाच्या नावात आम्ही तिसरे,
दोन जोडरेघांच्या पलीकडे.
वही शुक्रवारी जिल्ह्याला पाठवायची आहे.

काल रात्री बाद मतांच्या रकान्यात,
एक्क्याण्णवच्या त्या एकापुढे,
मी पेन्सिलीने एक नाव लिहिलं.
मग खोडलं.
खोडल्याचा डाग तेवढा राहू दिलाय.