गुडघाभर समुद्र

माझी समुद्राशी ओळख गुडघ्यापर्यंतची.
खडकवासल्याच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
सिमेंटच्या हौदांत बंदरं असतात आमच्याकडे,
तीनशे हातांचा एक हात करून.
गमबूट घालून मी त्यांच्यात उभा राहतो,
गेट उघडतो, भरती येते.
पंचवीस मिनिटांनी ओहोटी. मग चहा.
पुण्याला समुद्र नाही म्हणणाऱ्यांनी
एकदा हिरामण पायगुडेला विचारावं.

आठल्ये मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा
कपाट रिकामं करताना एक नकाशा हातात दिला.
"हे बंदर आपल्याकडे आलंच नाही," म्हणाल्या,
"अडीच हजार वर्षं उशीर झाला त्याला."

मिलेटस. ग्रीकांचं. आता तुर्कस्तानात.
जिभेसारखं पाण्यात शिरलेलं भूशिर,
चार गोद्या, समोर लादे नावाचं बेट,
आणि आतल्या गोदीच्या तोंडाशी
संगमरवरी दोन सिंह, आमनेसामने.
रस्ते सगळे दोरी धरून आखलेले, काटकोनात.
(आमच्या पेठांना वार आहेत, कोन नाहीत.)

नव्वद गावं वसवली म्हणे या एका गावानं,
पार काळ्या समुद्राच्या काठापर्यंत,
लेकी दिल्यासारखी.
मग इराणच्या बादशहाशी वैर घेतलं.
लादेसमोर गलबतं बुडाली, गाव जळालं,
उरलेली माणसं हाकलून नेली लांब.
पंधरा वर्षांनी पुन्हा तीच माती,
पुन्हा दोरी, पुन्हा काटकोन.
बादशहाला पुरून उरलं ते.
नदीला नाही.

नदीचं नाव मेअँडर.
इतकी नागमोडी, की इंजिनियर लोक
जगातल्या कुठल्याही नदीच्या वळणाला
तिचंच नाव देतात. मुठेच्या फायलीतसुद्धा ती आहे.
तिनं गावाला काही केलं नाही.
रोज थोडं दिलं फक्त.
बोटभर.

आमचं गाव पानशेतच्या पाण्याखाली गेलं.
त्यांचं पाणी जमिनीखाली गेलं.
कुणाला नोटीस आली होती, कुणाला नाही,
एवढाच फरक.

दिवाळीच्या सुट्टीत चार नंबरचा हौद रिकामा होता.
मी आणि शिकाऊ पोरगा रोहिदास,
दोघांनी थापीनं भूशिर काढलं.
सिंह एम-सीलचे केले. प्रमाण लावलं
तर तांदळाएवढे होत होते,
म्हणून अंगठ्याएवढे केले. असू दे.
कोळशाची पूड नदीच्या तोंडाशी सोडली
आणि गेट उघडलं.

हजार वर्षं तीन दिवसांत बसत नाहीत.
तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी
मी पूड बादलीनं ओतली.
साहेबांना सांगू नका.

तिसऱ्या दिवशी बेटाला जमीन चिकटली,
बेटाची टेकडी झाली.
खाडी होती तिथे एक तळं मागे राहिलं,
घाईत विसरल्यासारखं.
सिंह आधी गुडघाभर, मग गळ्यापर्यंत.
"काका, आता हे राखण कशाची करतात?"
रोहिदासनं विचारलं.
मी म्हटलं, टेप धर.
समुद्र नऊ किलोमीटर मागे सरलाय म्हणतात,
म्हणजे इथे तीस मीटर.
टेप उलगडत तो शेडच्या दारापाशी पोचला,
सायकली लावतो तिथे,
आणि तिथूनच ओरडला: इथे काही नाही!

सोमवारी नवीन बंदर आलं, पूर्व किनाऱ्याचं.
पाणी सोडलं, खराटा मारला.
एक सिंह सापडला, तो माझ्या डब्यात आहे.
दुसरा मिळेना. गवंडी खोळंबले होते.

आता त्या बंदरात जहाजांसाठी खोली मोजतो आम्ही.
आठव्या रांगेत, डाव्या हाताला,
गेज दोन मिलिमीटर उंचवटा दाखवतं.
साहेब म्हणतात, गिलावा नीट झाला नसेल.
मी वहीत आकडा लिहितो, जसा येतो तसा.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडतो
आणि भरतीचं गेट उघडायला जातो.