बोट

मंगळवारी संध्याकाळी सहाला
हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याच्या भिंतीला लागून
आम्ही अकरा जण जमिनीवर उताणे.
निळ्या चटया. वर पाइप. भिंतीपलीकडे
चादरी पिळणारं यंत्र घुमतंय.

सगळे न्यू बेडफर्ड बंदरातले.
शाळेची बस हाकणारी ओडेत,
मणका सरकलेला पोस्टमन,
झोप उडालेल्या दोघी बहिणी
आणि मी, नातेर्सियु मेदेइरुश,
एकोणतीस वर्षं समुद्राचा तळ खरवडून
शिंपले काढणाऱ्या बोटींवर.
आता वरचा रक्तदाब एकशे ऐंशी.
डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या घे, आणि हेही कर.
हे म्हणजे काय, तर काहीच न करणं.
मनात म्हटलं, यासाठी शिकवणी?

पहिल्या आठवड्यात एकेक बेदाणा दिला.
जन्मात प्रथमच बघताय असा बघा,
म्हणाल्या मॉरीनबाई. निवृत्त नर्स,
आवाज कोमट पाण्यासारखा.
मी तो आधीच गिळला होता.
दुसरा दिला. हसल्या नाहीत.
त्या हसल्या नाहीत म्हणून मी पुढच्या मंगळवारी आलो.

आज अंगभर फिरायचंय, नुसत्या मनाने,
कंदील घेऊन गोदामात फिरावं तसं.
सुरुवात डाव्या पायाच्या करंगळीपासून.
काय जाणवतं ते बघा. बदलू नका.

मॉरीनबाई, तिथे काही नाही.
करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही
फेब्रुवारीतल्या एका पहाटे
विंचच्या तारेखाली गेली.
डेकवर बर्फ होतं. फार लाल झालं नाही,
सगळंच गोठलेलं.
अबिलियूने बूट कापला, माझं डोकं मांडीवर घेतलं
आणि बंदर येईतो चौदा तास
मला बेटावरच्या त्याच्या गाईंची नावं सांगत बसला.

हे मी बोललो नाही. पडून राहिलो.
म्हटलं, बाई सांगतायत तर
जाऊन तर येऊ.

गेलो. आणि होतं की तिथे!
खाज. मग ऊब. मग बारीक मुंग्या,
घर पाडल्यावरही त्या पत्त्यावर
टपाल येत राहावं तसं.

श्वास आत. पलीकडचं यंत्र थांबलं.
श्वास बाहेर.
ओडेत घोरतेय.

मग अबिलियू आला. बोलावलं नव्हतं.
मार्चच्या अखेरीला तो बोटीसकट गेला.
मी घरी होतो, खुर्चीवर, पाय उशीवर.
ते बोट गेलं म्हणून ती बोट चुकली.
एवढंच.
एवढंच मी तेव्हापासून
दात आवळून, मिठात घालून ठेवलं होतं.

मन भटकलं तर रागावू नका,
वासराला आणावं तसं हळूच माघारी आणा,
बाई म्हणत होत्या.
मी नाही आणलं. चरू दिलं.
मिमोझा, एश्त्रेला...
तिसरी पांढरी होती, तिचं नाव अडलं.
डोळ्यातलं पाणी कानात उतरलं.
उताणं पडून रडलं की ते कानात जातं
हे मला साठीत कळलं.

दिवे लागले. चटया गुंडाळल्या.
पोस्टमनने विचारलं, काही जाणवलं?
म्हटलं, पाय जरा गार पडलाय.

रक्तदाब आता एकशे अठ्ठावन्न. गोळी चालूच.
बायको म्हणते, हल्ली दारं कमी आपटतोस.
तिच्या मोजणीवर माझा फारसा विश्वास नाही.
पण सकाळी मोजे चढवताना
डाव्या मोज्याचा जो कोपरा रिकामा लोंबतो
तिथे अंगठा ठेवून बसतो.
बंदरात धुक्याचा भोंगा वाजतो.
तो पुन्हा वाजेपर्यंत
बसतो.